वेशीतली ज्योत विझली नव्हती

मुनीर,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की पुढे पुढे टाळण्याचीच सवय झाली. आधी तुझे अब्बा होते म्हणून टाळलं. ते गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग. मग आपण दोघं म्हातारे झालो, तेव्हा जुनं कशाला उकरायचं असं मनाला समजावलं. आता तूच गेलास. तुला मातीत ठेवून आलो त्याला आठवडासुद्धा झालेला नाही आणि टाळायला एकही कारण उरलेलं नाही.

तुझा जन्म कुठला, कामधंदा काय, मागे कोण कोण, हे मी लिहीत नाही. ते तुझ्या मुलानं, सलीमनं, पेपरात दिलंय. फोटोही चांगला निवडलाय पोरानं, त्यात तू कुणाला तरी डिवचून नुकताच गप्प बसल्यासारखा दिसतोस. मला एकाच संध्याकाळीबद्दल लिहायचंय. पण त्यासाठी आधी आपला वाद सांगायला हवा, कारण वाचणाऱ्यांना तो ठाऊक नाही.

आपण दोघं एका बाकावर बसून रसायन घेऊन बी.एस्सी. झालो. ब्युरेट तू फोडायचास आणि बोलणी दोघं खायचो. पुढे मी सोलापुरातच शाळेत मास्तर झालो आणि तू अब्बांच्या दारूकामात परत गेलास. नळे, चक्रं, चंद्रज्योती, जत्रेत आणि लग्नात उडवायची शोभेची दारू. तुझ्या आज्यापासून चालत आलेला धंदा. डिग्री असून कोळसा-गंधक कुटतो म्हणून नातेवाईक हसायचे, तर तू म्हणायचास, सोलापुरात बी.एस्सी. झालेला आतषबाज मी एकटाच. नम्रपणा तुला कधी जमलाच नाही.

मग एका दिवाळीच्या सुमारास तुझ्या हातून एक ज्योत तयार झाली, ती सरळ जळत नव्हती. लख्ख पांढरी पेटायची, मग काळोख, मग पुन्हा लख्ख. डोळ्याची उघडझाप व्हावी तशी. तू तिला ‘पलक’ म्हणायला लागलास. ती चुकून झाली होती हे फक्त मला सांगितलंस. बाकी सगळ्यांना, अब्बांनासुद्धा, आपण डोकं चालवून केली असंच सांगितलंस. शहराबाहेरच्या तुमच्या शेडमागे आपण दोघं उकिडवे बसून ती पाहायचो. तू म्हणायचास, आधी ऐक, मग बघ. खरंच तिचा आवाज यायचा. काळोखात बारीक सुरसुर, उजेडाला टचकन.

ती अशी का करते, हा आपला वाद. मी म्हणायचो, ती विझते आणि उरलेल्या उष्णतेनं परत पेटते. तू म्हणायचास, विझत नाही, काळोखातपण जळतच असते, फक्त ते जळणं आपल्याला दिसत नाही. विझली असती तर परत पेटवली कुणी, तुझ्या काकानं? मी म्हणायचो, उजेड नाही म्हणजे ज्वाला नाही, आणि ज्वाला नाही म्हणजे विझलं. नवी पेठेतल्या त्या चहाच्या हॉटेलात वर्षभर हेच. शेवटी हॉटेलचा मालक म्हणाला, तुमचं काय ते ठरवा, न्हायतर निदान कप तरी उचलू द्या.

आज मला माहीत आहे की आपण दोघंही थोडे थोडे बरोबर होतो आणि तू जास्त बरोबर होतास. अशा दारूत दोन जळणी असतात. एक मंद, धुमसणारी, जवळजवळ काळी. ती उजेड देत नाही, पण आतल्या आत ताप साठवत जाते. ताप एका हद्दीच्या वर गेला की दुसरी जळणी झटक्यात होते, तोच तो पांढरा लखलखाट. तो आपल्याजवळचा तापलेला थर एका दमात खाऊन टाकतो आणि खायला उरलं नाही की थांबतो. खाली धुमसणं चालूच असतं. पुन्हा ताप साठतो, पुन्हा झटका. बारीकसारीक तपशिलांवर अजून जाणत्या लोकांचंही एकमत नाही, असं मी वाचलं. पण एवढं पक्कं की लखलखाट थांबतो, आग थांबत नाही.

आता ती संध्याकाळ.

आमचं गाव जेऊर स्टेशनापासून आत. गावच्या जत्रेत देवाची पालखी वेशीतून बाहेर निघते तेव्हा वेशीत चंद्रज्योत लावायचा मान तुमच्या घराचा होता. किती पिढ्यांपासून ते ना आमच्याकडं कुणाला सांगता येतं, ना तुमच्याकडं. पालखी वेस ओलांडेपर्यंत ज्योत विझता कामा नये, विझली तर गावाला वर्ष वाईट जातं, अशी समजूत. दरवर्षी जत्रेआधी गाव तुमच्या घरी नारळ आणि फेटा पाठवायचं, आणि मी सोलापुरात नोकरीला लागल्यापासून ते घेऊन यायचं काम माझ्याकडं होतं. चाचा, म्हणजे तुझे अब्बा, नारळ दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायचे आणि मला जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्या वर्षी तू ठरवलंस की वेशीत साधी चंद्रज्योत नाही, पलक लावायची. चाचांच्या मनात नव्हतं. पालखीसमोर नवं काही नको, असं ते म्हणत होते. तू ऐकलं नाहीस. आपण पस्तिशीतले होतो, कुणाचं ऐकायचं वय नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तुम्ही दोघं आमच्या घरी जेवायला होता. पडवीत माझे चुलते, मेहुणे, भावकीतली माणसं बसलेली. वाद पुन्हा निघाला, मीच काढला. चार माणसांसमोर तुला गप्प करावं असं माझ्या मनात होतं. मी मास्तरी आवाजात ज्वलनाची व्याख्या सांगायला लागलो. तेवढ्यात आत आमच्या सुमननं स्टोवर लावलेल्या कुकरची शिट्टी झाली आणि थांबली. तू मान वाकडी करून म्हणालास, “मास्तर, शिट्टी थांबली, आता स्टो विझला म्हणायचा का?”

पडवी हसली. चुलते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आत सुमन हसली ते मला ऐकू आलं. मीही हसलो, पण ते तोंडावरचं होतं. खाली स्टो एकसारखा जळतोय आणि वर वाफ साठून साठून शिट्टी होतेय, हा दाखला अगदी चपखल होता. वर्षभराचा वाद तू एका वाक्यात संपवलास, तोही माझ्या घरात, माझ्या बायकोच्या कुकरवर. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. पाणी आणायला गेलो तर कुणीतरी मागून म्हणायचं, मास्तर, स्टो बघा, विझला काय.

दिवेलागणीनंतर पालखी निघाली. वेशीच्या एका अंगाला उंच बांबूवर तू पलक बांधली होतीस. खाली चाचा नव्या फेट्यात, हातात पेटती वात. बांबूवरून खाली सोडलेल्या दोरीला ती लावून त्यांनीच पलक पेटवली. पहिला उजेड पडला तेव्हा माणसांनी आ वासला. पालखीवरचं चांदीचं छत्र चमकलं. मग काळोख, मग उजेड. दोन-तीनदा असं झालं आणि पोरं ओरडायला लागली. म्हातारी माणसं मात्र एकमेकांकडं बघायला लागली. नंतरचा एक काळोख जरा लांबला. जास्त नाही, एक श्वास घ्यावा एवढाच. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, इझली. पालखी वेशीच्या आतच थांबली. पलक पुन्हा लखलखली, पण तोपर्यंत गलका झाला होता. कोण म्हणत होतं इझली, कोण म्हणत होतं न्हाय. भोई खांदा बदलत उभे होते.

यात्रा कमिटीचे नाना माझ्याकडं आले. बांबूच्या सगळ्यांत जवळ मी उभा होतो. ते म्हणाले, “मास्तर, तुमी रसायन शिकवताय न्हवं? मग तुमीच सांगा. इझली का न्हाय?”

तू समोर होतास. तुझ्या चेहऱ्यावर तेच दुपारचं हसू होतं. तुला खात्रीच होती.

मी म्हणालो, “विझली की. विझून परत पेटतीय. शास्त्रच आहे तसं.”

तुझं हसू लगेच गेलं नाही, ते मला अजून दिसतं. तुला वाटलं, मास्तर अजून वादातच आहे. मग तू चाचांकडं पाहिलंस. त्यांनी फेटा काढून हातात घेतला होता. नानांनी कंदील मागवला आणि कंदिलाच्या उजेडात पालखी वेशीबाहेर गेली. वर तुझी पलक शेवटपर्यंत उघडझाप करत राहिली, पण तिच्याकडं बघायला कुणी थांबलं नव्हतं.

यावर मी स्वतःला काय सांगत आलो, ते तुला माहीत आहे, कारण इतरांनाही मी तेच सांगितलं. की मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. चूक झाली असेल, पण ती शास्त्रातली. एखाद्याचा सिद्धांत चुकतो, तसा माझा चुकला.

ते खोटं आहे, मुनीर. आज हे लिहायला बसलो ते एवढ्याच वाक्यासाठी. मी बांबूच्या अगदी खाली होतो. तो लांबलेला काळोख पडला तेव्हा मला वर लालसर ठिपका दिसत होता, सरकत होता. धूर थांबलेला नव्हता. सुरसुर ऐकू येत होती. तूच मला शिकवलं होतंस, आधी ऐक, मग बघ. मी ऐकलं, मी बघितलं, आणि नाना समोर आल्यावर विझली म्हणालो. दुपारचा बदला घ्यायला मिळाला म्हणून. त्या एका शब्दानं तुमच्या घराचा मान जाईल, हे तेवढ्या क्षणात सुचलं नाही असंही म्हणता येणार नाही. सुचलं होतं. वाटलं, बघू नंतर, सांगू नानांना समजावून.

सांगितलं नाही. त्या वर्षी पाऊस कमी झाला आणि मग समजावण्यासारखं काही राहिलंच नाही.

पुढच्या वर्षी कमिटीनं माझ्या हाती नारळ दिला नाही. जत्रेच्या आधी मी नेहमीसारखा तुमच्याकडं आलो, रिकाम्या हातानं. चाचा ओट्यावर होते. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. म्हणाले, “अबके नारळ नै आया क्या, बेटा?” मी म्हणालो, कमिटी अजून बसली नाही, चाचा. ते ‘हौ’ म्हणाले आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले. त्यानंतर किती तरी वर्षं जत्रेच्या दिवशी ते सकाळी आंघोळ करून, नवा सदरा घालून ओट्यावर बसायचे, असं तू एकदा मला बोलता बोलता सांगितलंस. तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्यांच्या मयतीला मी खांदा दिला. गावाकडून कुणी आलं नव्हतं.

आणि तू? तू माझ्याशी मैत्री तोडली असतीस तर बरं झालं असतं. पण तू दुसऱ्याच आठवड्यात नवी पेठेत माझ्यासमोर येऊन बसलास आणि म्हणालास, चहा माग, आज तुझी पाळी. माझ्या मुलीच्या लग्नात मांडव तू उजळलास आणि पैशाचं नाव काढू दिलं नाहीस. सुमन दवाखान्यात होती तेव्हा तुझ्या घरचा डबा यायचा, आणि शेवटी शेवटी ती माझ्या हातचं खायची नाही, तुमच्या डब्यातलं खायची. या सगळ्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण आभार मानायला तोंड उघडलं असतं तर दुसरंही काहीतरी बाहेर पडलं असतं.

तू एकदा विचारलंस. तेच हॉटेल. बशीत चहा ओतता ओतता, माझ्याकडं न बघता. त्या दिवशी तुला खरंच विझलेली दिसली का, मास्तर? मी म्हणालो, सोड की, किती जुनं झालं. तू बरं म्हणालास आणि फुंकर मारून चहा प्यायलास. ती माझी संधी होती. तू ताटात वाढून दिली होतीस.

दारूकाम हळूहळू मिटलं. परवाने, तपासण्या, शेडच्या आसपास उठलेली घरं. तू लायटिंगचं दुकान काढलंस, लग्नाच्या मांडवांना एलईडीच्या माळा. त्या माळा उघडझाप करायच्या आणि तू गिऱ्हाइकाला सांगायचास, ही खरी विझते बरं का, ही पलक नाही. गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही. मला कळायचं.

काही वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या कॉलनीत कुणीतरी शोभेच्या दारूचं लुकलुकणारं झाड उडवलं. मी मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं, आणि मग ते एकदम सावकाश करून पाहिलं. दोन लखलखाटांमधल्या प्रत्येक काळोखात लाल रेघ होती. मंद, पण होती. मला ते नव्यानं कळायचं काही कारण नव्हतं, पण पुराव्यासारखं समोर आल्यावर ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. ठरवलं, आज जायचं. हे दाखवायचं आणि बाकीचंही सांगायचं.

तुझ्या दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक होतं. मी मोबाइल पुढे केला. तू चष्मा कपाळावरून खाली ओढून पाहिलंस. परत पाहिलंस. मग गिऱ्हाइकाला हाताला धरून जवळ ओढलंस, देखो, अंधेरेमें भी जल रहा है. तू इतका खूश झालास की सलीमला चहा आणायला पिटाळलंस. मी म्हणालो, तू बरोबर होतास, मुनीर.

“म्हणजे मास्तर हरला,” तू म्हणालास. मग माझा चेहरा पाहिलास. तुला वाटलं असावं, म्हातारा हरला म्हणून वाईट वाटून घेतोय. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. “जाऊ दे रे. तुला त्या वेळी कुठं माहीत होतं.”

माझ्या जिभेवर होतं. तू माझ्यासाठी सबब तयार करून दिलीस, स्वच्छ, नीट घडी घातलेली, आणि मी ती घेतली. म्हणालो, हां, तेव्हा कुठं माहीत होतं. चहा आला. तू बिस्किट बुडवून खाल्लंस. घरी येताना रिक्षात मला रडू फुटलं आणि रिक्षावाल्यानं विचारलं, काका, कुणी गेलं काय.

गावातल्या कुणी हे वाचलं तर एवढं समजून घ्या. त्या संध्याकाळी वेशीतली ज्योत विझली नव्हती. पालखी ओलांडून जाईपर्यंतच काय, त्यानंतरही ती जळत होती. त्या वर्षाच्या पावसाशी तिचा काही संबंध नव्हता. खोटं मी बोललो. आता नाना नाहीत, त्या कमिटीतलं कुणी नाही. वेशीत जनरेटरवर हॅलोजन लावतात. मान परत द्यायचा म्हटलं तरी तो घ्यायला चाचा नाहीत, तू नाहीस, आणि सलीमला चंद्रज्योत कशी बांधतात तेही माहीत नाही. काय दुरुस्त करायचं आणि कुणापुढं, मला कळत नाही. लिहिता येतं म्हणून लिहितोय.

सलीमचा फोन सकाळी आला. रात्री झोपेतच, असं म्हणाला. मी रिक्षानं आलो. सगळ्या वाटेत एकच वाक्य जुळवत होतो, मुनीर, मला दिसत होतं, तरी मी खोटं बोललो, मला माफ कर. तुझ्या कानाशी म्हणेन असं ठरवलं होतं. पण घरात बायका होत्या, मग गुस्लची आंघोळ, मग कफन, आणि मी बाहेर खुर्चीवर. नंतर जनाज्याच्या नमाजेसाठी तुला मैदानात आणून ठेवलं. माणसं ओळी करून उभी राहिली. आम्ही चार-पाच जण, नमाज न पढणारे, कडेला, चपला हातात घेऊन.

नमाजेआधी सलीम पुढे आला. अब्बासे किसीका दिल दुखा हो, कुछ कहा-सुना हो, तो अल्लाके वास्ते माफ कर देना, असं म्हणाला. ओळीतून आवाज आला, माफ किया. मग तो आमच्याकडं वळला, आणि माझ्याकडं बघून मराठीत म्हणाला, “दत्ताकाका, तुमचे न् अब्बांचे लई वाद व्हायचे. त्यांचं काही बोलणं मनाला लागलं असेल तर...”

तिथं तरी बोलायला हवं होतं. पण सगळी माणसं माझ्याकडं बघत थांबली होती, ऊन चढलं होतं, आणि पोराचे डोळे भरले होते.

मी म्हणालो, “माफ केलं.”

सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सलीमनं माझा हात दाबला आणि पुढच्या ओळीत जाऊन उभा राहिला.